रंगांचे आकडे आणि आकड्यांचे रंग

पावसाळा तोंडावर आला की एक नकाशा मोबाइलवरून मोबाइलवर फिरू लागतो. त्यात आपल्या विदर्भाचे अकरा जिल्हे वेगवेगळ्या रंगांत रंगवलेले असतात. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे आता हालचाल करा, अशी ही भारतीय हवामान खात्याची चार रंगांची भाषा आहे. नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र आपल्या भागाचे इशारे याच भाषेत देते. 'ऑरेंज अलर्ट' हा शब्द आता शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाच्याही जिभेवर बसला आहे.

तथापि प्रस्तुत लेखाचा विषय हवामान हा नाही. तो नारिंगी रंग मोबाइलच्या पडद्यावर नारिंगीच का दिसतो, आणि कधीकधी नारिंगी का दिसत नाही, हा आहे. कला शाखेच्या वार्षिकात हा विषय पाहून काही वाचकांना आश्चर्य वाटेल. पण भूगोल घेऊन बी. ए. करणाऱ्या विद्यार्थिनीला नकाशे रंगवावेच लागतात. पूर्वी ते रंगीत पेन्सिलीने रंगवत, आता आकड्यांनी रंगवतात, एवढाच फरक. आमच्या तुकडीतील चार-पाच जणांनी यंदा अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांचा, म्हणजे अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा आणि यवतमाळ यांचा, एक छोटा नकाशा मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये उतरवण्याचा उपक्रम हाती घेतला. त्या निमित्ताने जे शिकायला मिळाले ते येथे मांडत आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करते. इशाऱ्याचा रंग आणि पावसाचे माप या दोन वेगळ्या बाबी आहेत. हवामान खात्याच्या हिशेबात २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाला तर तो मुसळधार, त्यापुढे २०४.४ मिलिमीटरपर्यंत अतिमुसळधार. रंग मात्र केवळ मिलिमीटरवर ठरत नाही. तसे घडण्याची शक्यता किती आणि घडले तर नुकसान किती, हेही त्यात धरलेले असते. म्हणजे रंग हा निर्णय आहे. एका जाणकाराने पुष्कळ गोष्टी तोलून काढलेला निष्कर्ष त्या एका रंगात भरलेला असतो, आणि म्हणूनच तो वाटेत बदलला तर सगळेच ओमफस होते.

आमच्यासारख्या घरांत याला किती किंमत आहे हे शहरातील मित्रमैत्रिणींना सांगावे लागेल. आमचे गाव दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातले. जमीन काळी, चिकण. दोन दिवस पाणी लागले की वावरात पाय टाकता येत नाही. फवारणी करून चार तास होत नाहीत तोच पाऊस आला तर औषधही गेले आणि मजुरीही गेली. सोयाबीन सोंगून गंजी लावलेली असेल तर ताडपत्री आज आणायची की परवा, हा प्रश्न हजारो रुपयांचा असतो. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. त्यामुळे मोबाइलमधले जे काही असेल ते वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आहे. बाबा आकडे विचारत नाहीत. ते विचारतात, ''काय म्हनते वं तुहा मोबाइल? नारंगी हाय का पिवळा?'' बस्स, एवढेच. त्यांचा पुढचा दिवस त्या एका शब्दावर ठरतो.

आणि हे फक्त पावसापुरते नाही. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनाने उन्हामुळे कलम १४४ लागू केले होते. उष्णतेच्या लाटेचे इशारेही याच रंगांत येतात. २०२३ च्या जुलैत यवतमाळ जिल्ह्यात पुराने गावे वेढली, तेव्हाही लोक याच नकाशाकडे पाहत होते.

आता पडद्याकडे वळू. मोबाइलचा पडदा भिंगातून पाहिला तर त्यावर लाल, हिरवे आणि निळे असे बारीक बारीक दिवे दिसतात. तिसरा रंगच तेथे नाही असे म्हणायला हरकत नाही, म्हणजे चौथा! पिवळा, जांभळा, पांढरा हे सगळे त्या तिघांच्या कमीजास्त उजेडातून आपल्या डोळ्याने बनवलेले असतात. आपल्या डोळ्यात रंग ओळखणारी तीनच प्रकारची यंत्रणा असावी असा तर्क थॉमस यंग याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच केला होता, आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६१ मध्ये तीन रंगांच्या काचांतून टिपलेली तीन छायाचित्रे एकावर एक टाकून रंगीत चित्र करून दाखवले. मोबाइल आजही तेच करतो.

प्रत्येक दिव्याचा उजेड ० ते २५५ अशा आकड्याने सांगतात. ० म्हणजे विझलेला, २५५ म्हणजे पूर्ण पेटलेला. २५६ पायऱ्या लालच्या, २५६ हिरव्याच्या, २५६ निळ्याच्या. तिघांचा गुणाकार केला की १,६७,७७,२१६ रंग होतात. नारिंगीचा एक प्रचलित आकडा लाल २५५, हिरवा १६५, निळा ० असा आहे. आपण लेखभर तोच घेऊ. शुद्ध लाल म्हणजे २५५, ०, ०. पिवळा २५५, २५५, ०. हिरवा ०, २५५, ०. वाचकांनी हे चार आकडे लक्षात ठेवावेत, पुढे त्यांच्याशीच काम आहे.

हे आकडे प्रोग्राममध्ये बहुधा षोडशमान पद्धतीत लिहितात. नाव ऐकून घाबरण्याचे कारण नाही. आपल्या आजोबांचा हिशेब सोळाचाच होता. १९५७ पर्यंत सोळा आण्यांचा रुपया होता, आणि 'तीन रुपये पाच आणे' म्हणजे त्रेपन्न आणे हे निरक्षर माणूसही बोटांवर सांगे. षोडशमानात तेच आहे. फरक इतकाच की दहा ते पंधरा या आण्यांना एकेक अक्षर दिले आहे: दहा म्हणजे ए, अकरा बी, बारा सी, तेरा डी, चौदा ई आणि पंधरा एफ. तेव्हा 'ए५' म्हणजे दहा रुपये पाच आणे, म्हणजे दहा सोळे एकशे साठ अधिक पाच, १६५. 'एफएफ' म्हणजे पंधरा रुपये पंधरा आणे, २५५. आपला नारिंगी झाला 'एफएफ-ए५-००'. (मधल्या आडव्या रेघा मी वाचण्याच्या सोयीसाठी टाकल्या आहेत.)

येथपर्यंत सगळे सोपे आहे. अडचण सुरू होते ती हा आकडा एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवताना. अकोल्याच्या बाजारात कपाशीचा भाव क्विंटलवर बोलतात आणि रुईचा भाव खंडीवर. खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो. नुसता आकडा कानावर पडला आणि तो क्विंटलचा की खंडीचा हे विचारले नाही, तर व्यवहार बुडालाच. रंगाच्या आकड्याचेही तसेच आहे. आकडा स्वतः कधी सांगत नाही की मी कोणत्या क्रमाने लिहिलेला आहे आणि कोणत्या मापाने मोजलेला आहे.

आधी क्रमाविषयी. आम्हाला भूगोलात जिल्ह्यांच्या सीमा 'केएमएल' नावाच्या स्वरूपातील फाइलमधून मिळतात. गूगल अर्थमुळे प्रसिद्ध झालेले आणि २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झालेले हे स्वरूप आहे. त्यात रंग आठ अक्षरांचा असतो: पहिली जोडी अल्फाची, म्हणजे रंग किती दाट वा किती पारदर्शक हे सांगणारी, आणि तिच्यापुढे निळा, हिरवा, लाल असा उलटा क्रम. अँड्रॉइडच्या आकड्यातही पहिली जोडी अल्फाचीच, पण पुढे लाल, हिरवा, निळा. म्हणजे केएमएलमधील पूर्ण दाट नारिंगी लिहिला जातो 'एफएफ-००-ए५-एफएफ'. तोच जसाच्या तसा अँड्रॉइडला दिला की तो वाचतो: लाल ०, हिरवा १६५, निळा २५५. झाले! अकोला आकाशासारखा निळा होतो. आम्ही हा प्रयोग मुद्दाम करून पाहिला. नारिंगी जिल्हे आभाळी झाले, पिवळे मोरपंखीकडे झुकले, आणि लाल जिल्हा गडद निळा. पाऊस जास्त तर निळा जास्त, असे पाहणाऱ्याला वाटावे इतके ते चित्र शहाणे दिसत होते, हे त्यातले विशेष.

आणि हिरवे जिल्हे? ते हिरवेच राहिले. हिरव्याचा आकडा मधोमध असतो. डावे-उजवे बदलले तरी मधला जागचा हलत नाही. याचा अर्थ वाचकांच्या लक्षात आला असेल. हे अ‍ॅप एखाद्या कोरड्या दिवशी तपासले, सगळे जिल्हे हिरवे असताना, तर त्यात काहीही दोष दिसणार नाही. दोष दिसेल तो ज्या दिवशी आभाळ फाटेल त्याच दिवशी.

दुसरी जात अल्फाच्या जागेची. वेब पानांच्या सीएसएस या पद्धतीत आठ अक्षरांचा रंग लिहिला तर अल्फा शेवटी येतो; अँड्रॉइडमध्ये तो आरंभी. वेबवरचा दाट नारिंगी 'एफएफ-ए५-००-एफएफ'. हा अँड्रॉइडने आपल्या क्रमाने वाचला की पहिला एफएफ गेला दाटपणाला, मग लाल १६५, हिरवा ०, निळा २५५. हा झाला जांभळा. पिवळ्याचा होतो साडीच्या दुकानात ज्याला राणी रंग म्हणतात तो. हिरव्याचे तर आणखी मजेदार: त्याची पहिली जोडी '००' असल्यामुळे दाटपणाच शून्य होतो आणि जिल्हा नकाशातून नाहीसा होतो. फक्त पांढरा जसाच्या तसा राहतो, कारण त्याच्या आठही अक्षरांत एफच आहे.

नाहीसे होण्याचा हाच प्रकार फ्लटर नावाच्या साधनात नवशिक्यांना फार छळतो. तेथे रंगाच्या जागी आठ अक्षरी आकडा हवा असतो. कोणी वेबवरून सहा अक्षरी 'एफएफ-ए५-००' आणून ठेवला, तर पुढच्या दोन रिकाम्या जागी शून्ये आहेत असेच यंत्र धरते. एक रुपयापुढे शून्ये लिहा वा न लिहा, किंमत तीच राहते, तसेच. मात्र येथे त्या शून्यांचा अर्थ 'पूर्ण पारदर्शक' असा होतो. रंग बरोबर, सगळे बरोबर, आणि पडद्यावर काहीच नाही. म्हणून आधी 'एफएफ' जोडायचे असते. छायाचित्रे तपासणाऱ्या ओपनसीव्ही या साधनसंचातही क्रम निळा, हिरवा, लाल असा आहे. कपाशीच्या पानावरचा लाल्या फोटोवरून ओळखणारा प्रोग्राम कोणी लिहिला आणि हा क्रम विसरला, तर त्याला लाल्या कधीच सापडणार नाही. सगळी पाने त्याला निळसर वाटतील.

आता मापाकडे येऊ. माझ्या मते हा भाग सर्वांत घातक आहे. क्रम चुकला तर नकाशा निदान विचित्र दिसतो, कोणीतरी विचारते की अकोला निळा कसा. माप चुकले तर नकाशा साजरा दिसतो आणि खोटे बोलतो.

आयफोनच्या पद्धतीत दिव्याचा उजेड ० ते २५५ मध्ये सांगत नाहीत. ० ते १ मध्ये सांगतात. पूर्ण उजेड म्हणजे १, निम्मा म्हणजे ०.५. तेव्हा प्रत्येक आकड्याला २५५ ने भागावे लागते. लाल २५५ भागिले २५५, म्हणजे १. हिरवा १६५ भागिले २५५, म्हणजे सुमारे ०.६४७. निळा ०. समजा एखाद्याने भागलेच नाही आणि २५५, १६५, ० असे सरळ दिले. पडद्याला १ पेक्षा जास्त उजेड देता येत नाही. साधारण पडद्यावर २५५ चाही १ होतो आणि १६५ चाही १ होतो. आता लाल १, हिरवा १, निळा ०, म्हणजे कोणता रंग? पिवळा. 'सज्ज राहा' चे 'लक्ष ठेवा' झाले. यंत्राने तक्रार केली नाही, नकाशा सुंदर दिसतो, आणि इशारा एक पायरी खाली उतरला.

आता उलटी गंमत पाहा. दुसऱ्या कोणी आठवणीने भागाकार केला, पण दोन्ही आकडे पूर्णांक ठेवले. जावा, कोटलिन, स्विफ्ट या भाषांत पूर्णांकाला पूर्णांकाने भागले तर उत्तरही पूर्णांकच येते. शेष टाकून दिला जातो. १६५ मध्ये २५५ एकदाही जात नाहीत, म्हणून उत्तर शून्य. २५५ मध्ये एकदा जातात, उत्तर एक. नारिंगी झाला लाल १, हिरवा ०, निळा ०. म्हणजे तांबडा लाल! 'सज्ज राहा' चे 'आता हालचाल करा' झाले. एकाच रंगाची एका चुकीने पिवळ्यावर घसरण होते आणि दुसऱ्या चुकीने लालवर चढण. उपाय अगदी क्षुल्लक आहे. २५५ ऐवजी २५५.० लिहायचे किंवा आकडा आधी दशांशाचा करून घ्यायचा, म्हणजे शेष टिकतो.

आणि येथे पुन्हा तीच मघाची मेख. लाल, पिवळा आणि हिरवा या आपल्या तिन्ही शुद्ध रंगांत ० आणि २५५ यांखेरीज दुसरा आकडाच नाही. भागाकार केलाच नाही तरी ते बरोबर येतात. चुकीचा केला तरी बरोबर येतात. या दोन्ही चुकांना चौघांपैकी एकटा नारिंगी सापडतो, कारण मधला आकडा फक्त त्याच्याजवळ आहे. क्रमाची चूक मात्र लाल आणि पिवळाही दाखवतात. म्हणजे नारिंगी हा आपला कसोटीचा दगड. नवे अ‍ॅप तपासताना लोक सवयीने लाल, हिरवा, निळा असे शुद्ध रंग टाकून पाहतात आणि समाधानाने घरी जातात. खरे तर असा रंग टाकावा की ज्याचे तिन्ही आकडे वेगळे आहेत, त्यातला एक मधला आहे, आणि अल्फाही पूर्ण नाही. मग एकही चूक लपायला जागा उरत नाही.

परतीच्या प्रवासात आणखी एक बारीक गळती आहे. ०.६४७ ला २५५ ने गुणले की १६४.९८५ येतात. दशांश भाग कापून टाकला तर १६४ उरतात. पुन्हा भागले, तीन दशांश स्थळांपर्यंत लिहून ठेवले, गुणले, कापले: १६३. असे चार वेळा नेले-आणले की १६५ चे १६१ होतात. डोळ्याला ते कळणार नाही. पण ज्या प्रोग्राममध्ये 'रंग १६५ असेल तर सज्ज राहा असे लिही' अशी अट असेल, तेथे ती अट पहिल्याच फेरीत मोडते. कापायचे नाही, जवळच्या पूर्णांकाकडे न्यायचे, एवढी काळजी घेतली की १६५ चे १६५ राहतात. (अर्थात रंगाच्या आकड्यावरून इशारा ओळखायचा, हेच मुळात उफराटे आहे. इशारा वेगळा साठवावा आणि रंग त्याच्यावरून काढावा.)

रंग एका जागी बरोबर आणि दुसऱ्या जागी चुकीचा, हे दुःख नवे नाही. प्रभात फिल्म कंपनीने १९३३ मध्ये 'सैरंध्री' हा व्ही. शांताराम यांचा चित्रपट रंगीत करायचा घाट घातला. रंगीत प्रती काढण्याची सोय आपल्याकडे नव्हती, म्हणून ते काम जर्मनीत झाले. पण पडद्यावर रंग मनासारखे उतरले नाहीत. चित्रीकरणापासून प्रतीपर्यंत रंगाला फार हातांतून जावे लागते, आणि प्रत्येक हाताची भाषा निराळी असते.

आमच्या प्राध्यापकांनी एकदा विचारले होते, की मराठीत नारिंगी म्हणजे नेमका कोणता? आम्ही वर्गात नारिंगी, केशरी, भगवा, शेंदरी, अबोली अशी पाच नावे काढली आणि भांडत बसलो. वरूड-मोर्शीकडची मुले म्हणाली, संत्र्याचा तो नारिंगी. पण आंबिया बहाराची संत्री झाडावरून उतरतात तेव्हा पुष्कळ वेळा हिरवट-पिवळी असतात हेही तीच सांगत होती! बोलीत हा गोंधळ चालतो, कारण दुकानदार साडी उलगडून दाखवतो. आकड्याला साडी उलगडता येत नाही. म्हणून त्याच्याबरोबर त्याचा क्रम आणि त्याचे माप लिहून पाठवावे लागते. प्रोग्राममध्ये नुसते 'रंग' असे नाव देण्याऐवजी 'रंग, अल्फा आधी, ० ते २५५' असे कळेल असे नाव द्यावे, आणि बदल करण्याचे काम एकाच ठिकाणी ठेवावे. दहा ठिकाणी दहा जणांनी आपापला भागाकार केला की त्यांतला एक पूर्णांकांचा निघतोच.

आणखी एक मुद्दा थोडक्यात सांगते. १२८ हा २५५ च्या जवळजवळ निम्मा आकडा, तेव्हा उजेडही निम्मा असेल असे वाटते. तसे नाही. मोबाइलचे आणि वेबचे रंग ज्या 'एसआरजीबी' मानकाने लिहितात (हे १९९९ साली ठरले), त्यात १२८ ला पूर्ण उजेडाच्या सुमारे २२ टक्केच उजेड मिळतो. निम्मा उजेड १८८ च्या आसपास येतो. आपला डोळा अंधारातले फरक जास्त बारकाईने टिपतो, म्हणून पायऱ्या तिकडे दाट ठेवल्या आहेत. पर्जन्याच्या नकाशात दोन रंगांच्या मधली छटा काढायची असेल, तर नुसती आकड्यांची सरासरी काढून उजेडाची सरासरी मिळत नाही. आधी आकड्याचा उजेड करायचा, सरासरी काढायची आणि पुन्हा आकडा करायचा. चार ठोक रंगांच्या इशारा-नकाशाला याची गरज पडत नाही. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना मात्र पुढे उपयोगी पडेल.

एवढे सगळे सांभाळले तरी शेवटचा अंमल आपल्या हातात नसतोच. रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून मोबाइलचा निळा उजेड कमी करण्याची सोय असते. ती चालू असली की पिवळा नारिंगीकडे झुकतो. भर उन्हात वावरात उभे राहून पाहिले तर पडदा फिकट पडतो. काही माणसांना लाल-हिरव्यातला फरक जन्मतःच नीट दिसत नाही. त्यांच्यासाठी २५५ काय आणि १६५ काय.

म्हणून आमच्या नकाशात आम्ही रंगावर शब्दही लिहिला आहे. जिल्ह्याचे नाव, त्याखाली रंगाचे नाव आणि त्याखाली सूचना: 'अकोला, नारिंगी, सज्ज राहा'. अक्षर काळे ठेवले आहे; पिवळ्या आणि नारिंगीवर ते स्वच्छ उठते, लालवर जरा कमी, म्हणून लाल जिल्ह्यापुरते पांढरे केले. अमरावती आणि यवतमाळ ऐसपैस आहेत, तेथे तिन्ही ओळी मावतात. वाशीम लहान आहे. तेथे दोनच ओळी बसतात, आणि त्यात आम्ही जिल्ह्याचे नाव गाळून सूचना ठेवली आहे.